वाचकांचे प्रश्न : अकलोलीच्या कुंडाखाली ज्वालामुखी आहे का?

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर आम्ही घरची सगळी मंडळी वज्रेश्वरीला गेलो होतो. दर्शन झाल्यावर अकलोलीच्या कुंडावर बसलो. तिथे एक जण छातीठोकपणे सांगत होता की खाली निद्रिस्त ज्वालामुखी आहे आणि तो कधीही जागा होईल. नातवंडं घाबरली. माझी सगळी नोकरी बॉयलरवर गेली, म्हणून मला विचारायचंय : खाली भट्टी नसेल तर पाणी तापतं कशावर? आणि वर येईपर्यंत निवत कसं नाही?
(वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : नातवंडांना आधी सांगा, अकलोलीखाली ज्वालामुखी नाही. निद्रिस्त नाही आणि जागा होणाराही नाही. त्यांची समजूत घालायला म्हणून हे म्हणत नाहीये; हिशेबच तसा आहे.

आपल्या जिल्ह्यातला काळा कातळ लाव्ह्याचाच, हे खरं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर ओतला गेला. पण गरम खडक किती काळ गरम राहतो, याचा एक सोपा नियम आहे. जाडी दुप्पट झाली तर निवायला चौपट वेळ लागतो. भेगेत घुसून थिजलेली दहा मीटर जाडीची लाव्ह्याची भिंत काही वर्षांतच आजूबाजूच्या खडकाइतकी थंड होते. तीच एक किलोमीटर जाडीची असली तर तीसेक हजार वर्षं लागतील. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची ऊब आज कुंडात उतरणं शक्यच नाही.

आणि तुमच्या भट्टीची इथे गरजही नाही. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढत जातं, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. यातली काही उष्णता पृथ्वीच्या पोटातून येते, तर काही कवचातल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून. ठाण्याचं वर्षभराचं सरासरी तापमान धरा २७ अंश. कुंडातलं पाणी पन्नाशीच्या आसपास. फरक २३ अंशांचा. म्हणजे हे पाणी निदान पाऊण-एक किलोमीटर खाली जाऊन आलेलं आहे, आणि वाटेत थोडं निवलं असणार हे लक्षात घेतलं तर त्याहूनही खोल.

आता खरा प्रश्न उरतो तो असा की कातळात इतक्या खोल पाण्याला वाट कोणी दिली? माझ्या मते वज्रेश्वरीला जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. लाव्हा वाहत होता त्या काळात आपल्या पश्चिमेला समुद्र नव्हता. तिथे जमीन होती, आणि आज हिंदी महासागरात बेटं होऊन बसलेला सेशेल्सचा तुकडा तेव्हा आपल्याला चिकटलेला होता. साधारण ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी खंड इथे ताणला गेला, फाटला, आणि सेशेल्स पलीकडे निघून गेलं. ती ओढ आजही डोळ्यांनी दिसते. माथेरानच्या कड्यांकडे नेरळहून नीट बघा, लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या आसपास तेच थर पश्चिमेकडे वाकून खाली उतरतात आणि मुंबईतही ते समुद्राच्या बाजूला कललेले असतात. भूशास्त्राचे लोक याला पनवेलचं वळण म्हणतात. एवढे जाड थर वाकले की तडकणारच. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण अशा लांबच लांब भेगा पडल्या, थर एकमेकांवरून सरकले, अलिबाग-मुरूडकडे तर त्या भेगांत लाव्ह्याच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहिल्या.

त्या भेगा अजून पुरत्या बुजलेल्या नाहीत. पावसाचं पाणी त्यांतून खाली मुरतं, तापतं आणि तापलं की हलकं होतं. मागून येणारं थंड, जड पाणी त्याला वर ढकलतं. चढणीच्या भेगेतून पाणी सतत येत असल्यामुळे तिच्या भिंती फार पूर्वीपासून तापलेल्या आहेत, म्हणून वर येताना पाणी फारसं निवत नाही. दरी जिथे सर्वांत खोल कोरली गेलीय तिथे त्याला बाहेर पडायला सोपं जातं. म्हणून हे झरे तानसेच्या पात्रात आणि काठाला आहेत, डोंगरमाथ्यावर नाहीत.

हे पाणी पावसाचंच कशावरून, असं पुढे विचाराल. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे जड-हलके अणू मोजता येतात. जगभरच्या पावसात या दोघांचं प्रमाण एका ठरावीक रेषेवर पडतं, हे हार्मन क्रेग यांनी १९६१ साली दाखवलं. कोकणातल्या गरम झऱ्यांचं पाणी या पावसाच्या रेषेलाच धरून आहे. लाव्ह्यातून सुटलेलं पाणी त्यापासून फटकून राहिलं असतं.

नकाशा घेऊन बसा नातवंडांबरोबर. उत्तरेला पालघरमधलं कोकनेर, मग सातिवली, गणेशपुरी, अकलोली, पुढे रायगडात पालीजवळचं उन्हेरे, महाडकडचं सव, रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. साडेतीनशेएक किलोमीटरची ही माळ सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये, दोघांनाही समांतर जाते. ठिपके जोडले की खंड कुठे फाटला ते मुलांना आपोआप दिसेल.

प्रश्न : पारसिकच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामासाठी डबर टाकलं होतं, त्यात मला एक दगड मिळाला. आतल्या पोकळीत पांढऱ्याशुभ्र काड्या आणि बाजूला हिरवट काचेसारखे गोळे होते. फार जपून आणला, कपाटात ठेवला. महिन्याभरात काड्यांचा पांढरा भुगा झाला. हिरवं मात्र जसंच्या तसं आहे. माझं काही चुकलं का? आणि ही गारगोटी आहे का?
(सीबीडी बेलापूर, नवी मुंबई)

उत्तर : तुमचं काहीच चुकलं नाही. उलट भुगा झाला म्हणून तर मला इथे बसून ओळख सांगता येतेय. ते लोमोंटाइट, झिओलाइट कुळातलं खनिज. या कुळातल्या खनिजांच्या स्फटिकाच्या सांगाड्यात पाण्याचे रेणू अडकलेले असतात. लोमोंटाइट ते फार सैल धरून ठेवतं. ओल्या खडकातून निघून कोरड्या कपाटात आलं की थोडं पाणी उडून जातं, सांगाडा आकसतो आणि स्फटिक ढासळतो. पुन्हा सापडलं तर लगेच ओल्या कापसासकट घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

हिरवं ते प्रेनाइट. खात्री हवी असेल तर चाकूचं टोक ओढून बघा, ओरखडा उठणार नाही. शेजारी आणखी काही पांढरं असेल तर त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. गारगोटी यांतली कुठलीच नाही.

आता मला जे सांगायचंय ते. लोमोंटाइट आणि प्रेनाइट एकत्र दिसले की माझं मन थेट तापमानाकडे जातं. आइसलँडमध्ये गरम पाण्यासाठी खोल विहिरी खणल्या गेल्या, त्यांतून कोणत्या अंशाला कोणतं खनिज वाढतं याचा पडताळा मिळाला. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही मंडळी शंभरच्या आसपास आणि त्याखाली सुखाने वाढतात. लोमोंटाइटला साधारण १२० ते २३० अंश लागतात, आणि प्रेनाइट दोनशेच्या वर. त्याआधी, १९६० साली, जॉर्ज वॉकर यांनी पूर्व आइसलँडचे डोंगर पालथे घालून दाखवलं होतं की ही खनिजं पट्ट्यापट्ट्यांनी असतात. त्यावरून त्यांनी झिजून गेलेल्या लाव्ह्याचा मूळ माथा किती उंच होता तेही काढलं. हातातल्या खड्यावरून नाहीशा झालेल्या डोंगराची उंची! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती, आणि पुढे शिकवताना दरवर्षी वर्गात सांगताना तितकाच आनंद व्हायचा.

म्हणजे तुमच्या दगडाच्या पोकळीतून एके काळी दोनशे अंशांच्या आसपासचं पाणी फिरत होतं. वाफ नव्हे, पाणीच. वागळे इस्टेटच्या काकांना हे सांगायला नको. वरून सोळाएक बार दाब असेल तर दोनशे अंशांनाही पाणी उकळत नाही, आणि जमिनीखाली पावणेदोनशे मीटर गरम पाण्याचा स्तंभ एवढा दाब देतो. असं पाणी बसाल्टातली, म्हणजे आपल्या काळ्या कातळातली, काच हळूहळू विरघळवतं, तिच्यातलं सिलिका, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम घेऊन निघतं, आणि लाव्ह्यातले वायू निसटताना राहिलेल्या पोकळ्यांत नवे स्फटिक मांडून ठेवतं. ही पोकळी भरायला घाई नसते. अशाच पोकळ्यांत वाढणाऱ्या अ‍ॅपोफिलाइट या खनिजाच्या आपल्याकडच्या काही स्फटिकांचं वय मोजलं गेलंय, ते लाव्ह्यापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान आहे.

एक गोष्ट नीट बघा. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतून निघतात ते मुख्यतः स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट. प्रेनाइट आणि लोमोंटाइटसाठी नाव आहे ते मालाड-कांदिवलीकडच्या जुन्या क्वाऱ्यांचं. घाटावरचा लाव्हा आणि किनाऱ्यावरचा लाव्हा एकाच उद्रेकाच्या कुटुंबातले, मग किनाऱ्याला जास्त शेक का बसला? मी याचं उत्तर खंड फाटण्यात शोधते. फाट इथे होती, जमीन इथे ताणून पातळ झाली होती, उशिराचा लाव्हा इथेच वर घुसत होता, आणि पाण्याला खोल उतरायला भेगाही इथेच होत्या. मुंबईत तर लाव्हा थेट पाण्यात उतरल्याच्या खुणा आहेत, उशांसारखे गोल थर असलेले. वरळीच्या खडकांत बेडकांचे जीवाश्म मिळाले, तेही एकोणिसाव्या शतकात. उथळ तळी, त्यांत येऊन पडणारा लाव्हा आणि खालून वर येणारं तापलेलं पाणी, असा तेव्हाचा हा सगळा परिसर.

विकत कोण घेईल असं तुम्ही विचारलेलं नाही, याचा मला आनंद झाला. पण एक कराच. दगडावर छोटी चिठ्ठी चिकटवा : कुठे, कधी, कोणत्या क्वारीच्या डबरात मिळाला. चिठ्ठी नसलेला स्फटिक नुसता शोभेचा. पारसिकच्या डोंगरातून कितीतरी असे स्फटिक क्रशरमध्ये जाऊन खडी झाले, आणि त्यांच्यावर आपण आता गाड्या चालवतो. घरं बांधायला खडी लागते, हे मला कळतं. तरीही फोडण्याआधी पोकळीत कोणीतरी डोकावावं, एवढं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. खंड फुटतात त्या धड्यात प्लेट, मॅग्मा, भ्रंश सगळं आहे, पण पाण्याचा उल्लेखच नाही. मॅडम, पाणी भेगांतून फक्त वाहतं की खंड फुटण्यात त्याचं काही काम असतं?
(कळवा, ठाणे)

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास, बाळा. पाण्याचं काम असतं आणि मोठं असतं. धड्यातल्या चित्रात लाल मॅग्मा चटकन डोळ्यांत भरतो, पाणी काढायला कोणाला सुचत नाही.

आज खंड फुटताना बघायचा असेल तर पूर्व आफ्रिकेत आणि तांबड्या समुद्रात बघ. केनियात नैवाशा सरोवराजवळ ओल्कारिया नावाचं ठिकाण आहे. तिथे फाटेच्या तळाशी दोनशे अंशांच्याही वर तापलेलं पाणी विहिरी खणून बाहेर काढतात आणि १९८१ पासून त्यावर वीज तयार होते. तांबडा समुद्र त्याच्या एक पाऊल पुढे गेलाय. तिथे खंड फाटून मध्ये नवा सागरतळ तयार होऊ लागलाय. १९४८ मध्ये अल्बाट्रॉस या स्वीडिश जहाजाला तिथल्या खोल पाण्यात काहीतरी विचित्र गरम आणि खारट लागलं. १९६०च्या दशकात उलगडा झाला. दोन किलोमीटरच्या खाली एका खळग्यात समुद्राहून कितीतरी पट खारट पाणी साचून होतं, ५६ अंशांचं, आणि पुढच्या मोजणीत ते साठीच्या वर गेलेलं दिसलं. अटलांटिस-२ या जहाजाचं नाव त्या खळग्याला आहे. समुद्राचं पाणी भेगांतून खाली जातं, वाटेत जुने मिठाचे थर विरघळवतं, गरम खडकातून जस्त, तांबं, चांदी उचलतं आणि तळाशी आणून टाकतं. तिथला गाळ धातूंनी भरलेला आहे. जगातल्या कित्येक जुन्या धातूंच्या खाणी अशाच फाटींत जन्मल्या.

तिसरं ठिकाण आता फाटत नाही, म्हणून उलट सोयीचं. फ्रान्स आणि स्पेनच्या मधला पिरेनीज पर्वत. अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वी स्पेनचा भाग फ्रान्सपासून ओढला जात होता, कवच फार पातळ झालं होतं. नंतर दोन्ही बाजू परत एकमेकींवर दाबल्या गेल्या आणि फाटेचा तळ पर्वतात वर आला, म्हणून तिथे पायी चालत फाटेच्या पोटात जाता येतं. तिथे त्रिमून नावाची शंखजिऱ्याची प्रचंड खाण आहे, समुद्रसपाटीपासून सतराशे-अठराशे मीटरवर. गरम पाण्याने मॅग्नेशियम आणि सिलिका फिरवून डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाचं आणि शेजारच्या खडकांचं रूप पालटलं, तेव्हा तो शंखजिरा झाला. त्याचं वय मोजलं तर ते फाटण्याच्या काळातलंच निघतं. म्हणजे पर्वत उभा राहण्याच्या आधी, खंड ओढला जात असतानाच, तिथे पाणी फिरत होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. पाणी भेगेत दाबाखाली असलं की भेगेच्या दोन्ही भिंतींना अलग ढकलतं आणि घर्षण कमी करतं. शिवाय खडकातल्या फेल्डस्पार या कठीण खनिजाची माती करतं, मँटलचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा, खडक पाण्याला भेटला की त्याचं सर्पेंटाइन नावाचं मऊ खनिज करतं. शंखजिरा बोटांत धरून बघितलायस ना? किती बुळबुळीत लागतो. अशी खनिजं भ्रंशावर, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात त्या भेगेवर, साचली की मोठमोठे ठोकळे कमी जोरात सरकतात. स्पेनच्या वायव्येला गॅलिसियाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रतळ खणला, १९८५ मध्ये, तेव्हा लाव्ह्याऐवजी असा सर्पेंटाइन झालेला मँटलचाच खडक वर आला. तिथे खंड फाटताना लाव्हा फार कमी आला आणि पाणी थेट मँटलपर्यंत उतरलं. आपल्याकडे नेमकं उलट, लाव्हा अमाप. दोन्ही टोकं लक्षात ठेव, परीक्षेला नाही आली तरी.

प्रश्न : कुंडात आंघोळ केल्याने त्वचारोग बरे होतात का? सासऱ्यांना सोरायसिस आहे.
(नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : श्रद्धेने जरूर जावं, पण औषध बंद करून नाही. आजाराचं त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. कातडीला चिरा असतील तर अनेकांनी वापरलेल्या कुंडात उतरू नका. वयस्क माणसाला गरम पाण्यात फार वेळ बसवू नका, रक्तदाब उतरून चक्कर येते. आणि साबण-शॅम्पू घरी ठेवा. कुंडाच्या पाण्याला दुसरीकडे जायला तानसेशिवाय वाट नाही.

प्रश्न : केनियात फाटेतल्या गरम पाण्यावर वीज होते, तर आपल्या गणेशपुरी-अकलोलीवर का नाही?
(ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : ओल्कारियाला फाट अजून जिवंत आहे, खाली थोड्याच अंतरावर मॅग्मा आहे. आपली फाट सहा कोटी वर्षांपूर्वी निवली. वाफेवर टर्बाइन फिरवायचं तर दीडशे-दोनशे अंश हवेत, आपल्याकडे वर येतं ते पन्नाशीचं. तरी कमी तापमानाचा मार्गही आहे. अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्जला २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते. लवकर उकळणारा दुसरा द्रव त्या पाण्यावर तापवतात आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं. पण चेनाला ती वाफ परत थंड करायला बर्फासारखं पाणी हाताशी आहे. वीज तापमानाच्या फरकातून मिळते, नुसत्या उष्णतेतून नाही. कोकणात नदीचं पाणीच २५-३० अंशांचं, तेव्हा फरक उरतो वीसेक अंशांचा. त्यात पंप चालवायचा खर्चही निघणार नाही. रत्नागिरीत उन्हवऱ्याला पाणी सत्तरीच्या आसपास आहे, तिथे विचार करायला थोडी जागा आहे, पण थंड पाण्याची अडचण तीच.

मला मात्र वाटतं आपण वीज वीज करत या उष्णतेचा सरळ उपयोग विसरतोय. पन्नास अंश हे वाळवणाचं तापमान आहे. पावसाळ्यात कोकणात ऊन नसतं, मासळी, कोकम, आमसुलं, फणसाच्या गऱ्या, सगळं ओलाव्याने सडतं. कुंडाचं पाणी न वापरता, वाहून जाणारं जादा पाणी बंद नळ्यांतून फिरवून त्यावर हवा तापवली तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रात्री आणि दिवसा, लाकूड न जाळता वाळवणघर चालेल. आइसलँडमध्ये मासे असेच वाळवतात. ऐरोलीत अभियांत्रिकी शिकणारी मुलं तुमच्या ओळखीची असतील तर त्यांना हा प्रकल्प सुचवा. झऱ्याचं दर मिनिटाला किती लिटर पाणी येतं, ते मे महिन्यात आणि पावसानंतर, असं दोनदा मोजून सुरुवात करता येईल.